खंदकापलीकडचे मास्टरमशाय

मास्टरमशायांनी माझी कात्री पहिल्यांदा मागितली तेव्हा मला वाटलं, मिशा कापायच्या असतील. मिशा तशा कापण्यासारख्याच होत्या. मी कात्री दिली आणि कपडे वाळत घालायला गेले. परत येऊन पाहते तर वरच्या व्हरांड्यात हे गृहस्थ मांडी घालून बसलेले, समोर विद्यापीठातला एक विद्यार्थी रडवेला होऊन उभा, आणि मास्टरमशाय त्याने लिहून आणलेले कागद कापताहेत. रागाने नव्हे. शिंपी कापड कापतो तसे, रेघ बघून, जिभेचं टोक बाहेर काढून.

एकेक परिच्छेद सुटा झाला. मग त्यांनी ते तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि त्याच्यापुढे टाकले.

"लाव."

त्याने लावले. मास्टरमशायांनी वाचलं. मग त्यातले दोन तुकडे स्वतःच इकडचे तिकडे केले आणि पुन्हा मोठ्याने वाचलं.

"काही बिघडलं?"

"नाही, सर."

"मग हा निबंध नाही. ही झालमुडी आहे. कुठूनही मूठ भरा, चव तीच. जा, पुन्हा लिही. एकही तुकडा जागचा हलता कामा नये असं लिही."

झालमुडी म्हणजे तिकडची मुरमुऱ्यांची भेळ, तेवढं कळलं. कागदावर काय होतं ते मला कळलं नाही. ते इंग्रजी होतं आणि मी मराठी चौथी पास. पण बोलणं बंगालीत चाललं होतं आणि तेवढं बंगाली मला तोवर यायला लागलं होतं. मला त्या मुलाची दया वगैरे आली नाही. मला राग आला तो कात्रीचा. कापडाची कात्री होती ती, नागपूरहून आणलेली.

मी म्हटलं, "मास्टरमशाय, या कात्रीने कागद कापत नाहीत. धार जाते."

"कोण म्हणतं?"

"माझी आई म्हणायची."

"आईने करून पाहिलं होतं, की तिलाही कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही आत्ता करून पाहिलंत ना? मग कापून बघा कापड."

त्यांनी खरंच आपल्या धोतराचं टोक धरलं आणि कात्री चालवली. कात्री अडली, कापड चघळल्यासारखं झालं. दुसरा कुणी खजील झाला असता. यांचा चेहरा सणाच्या दिवशी उजळतो तसा उजळला.

"पाहिलं!" ते म्हणाले. "बौमा, आता हे ऐकलेलं राहिलं नाही. पाहिलेलं झालं."

कात्री त्यांनी परत दिली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितली.

मास्टरमशाय म्हणजे मास्तरसाहेब, आणि बौमा म्हणजे सूनबाई. त्यांना सून नव्हती, मुलगाही नव्हता. बायको फार पूर्वीच गेलेली. पूर्वी ते कुठल्याशा कॉलेजात इंग्रजी शिकवत. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांनी नोकरी सोडलेली होती, पण शिकवणं सुटलेलं नव्हतं. आम्ही त्यांचे भाडेकरू, खालच्या दोन खोल्यांत. माझे यजमान रेल्वेत होते. त्यांची कचेरी गार्डन रीचला, म्हणजे कलकत्त्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि क्वार्टर मिळत नव्हतं, म्हणून ओळखीच्या कुणीतरी बागबाजारची ही जागा दाखवली. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती ती. शहरात माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, मिळालं ते घर आम्ही घेतलं.

जागा बघायला गेलो त्या दिवशी मास्टरमशाय रकावर बसलेले होते. रक म्हणजे घराबाहेरचा, रस्त्याला लागून असलेला ओटा. कार्तिक नुकता लागलेला, उकडत होतं, तरी डोक्याला माकडटोपी. त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही. यजमान म्हणाले, नागपूरचे, मराठी. त्यावर म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग रस्त्यावरच्या लोकांना ओरडून सांगायला लागले, "अहो ऐका! मराठे आले! खंदक खणून दोनशे वर्षं झाली तेव्हा कुठे आले! आणि येऊन काय मागताहेत? भाड्याने जागा!"

मला काही कळलं नाही. नंतर कळलं. नागपूरच्या फौजा बंगालवर चालून यायच्या तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो इथूनच, बागबाजारापासून सुरू व्हायचा. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवला. आमच्या सासरी 'बंगालची स्वारी' म्हणून दर दसऱ्याला एक गोष्ट सांगितली जायची, पण पलीकडच्या बाजूला कुणी खंदक खणत बसलं होतं हे त्या गोष्टीत नव्हतं.

मास्टरमशायांकडे विद्यार्थी यायचे ते प्रबंध लिहायला शिकायला. कुणी इतिहासाचा, कुणी अर्थशास्त्राचा. ते स्वतः म्हणायचे, "यांचे विषय मला येत नाहीत. म्हणून तर यांना मला गुंडाळता येत नाही." त्यांचं म्हणणं एवढंच होतं की माणूस जे बोलतो ते तीन प्रकारचं असतं. पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं. बोलताना कालवाकालव झाली तर चालते. इंग्रजीत प्रबंध लिहायला बसला की माणूस हे तिन्ही एका ताटात कालवतो आणि वरून मोठमोठे शब्द पेरतो, म्हणजे खालचं दिसू नये. त्यांचं सगळं शिकवणं म्हणजे हे ताट पुन्हा निवडणं.

एका गोष्टीवर ते फारच चिडायचे. विद्यार्थ्याने 'हे तर सर्वांना ठाऊकच आहे' असं लिहिलेलं असलं की ते उठायचे, कठड्यावरून वाकायचे आणि खाली रस्त्यात जो दिसेल त्याला हाक मारायचे.

"ओ दादा! लोखंडाच्या व्यापारात मंदी का आली, ठाऊक आहे?"

खालचा मासेवाला डोक्यावरची पाटी सावरत वर बघायचा. "ना, बाबू."

मास्टरमशाय वळून सांगायचे, "सर्वांतून एक कमी कर."

गल्लीतल्या लोकांना सवय झाली होती. काहीजण वर न बघताच "ना, बाबू" म्हणून पुढे जायचे. एकदा एका ट्रामच्या कंडक्टरने "हो, ठाऊक आहे" म्हटलं तर मास्टरमशाय चप्पल न घालता खाली धावले आणि त्याला अर्धा तास रकावर बसवून घेतलं. त्याला खरोखर काय ठाऊक होतं ते कळलं नाही, पण चहा त्याला मिळाला.

बाजारातही तेच. मासेवाला म्हणाला, पद्मा नदीचा इलिश मासा आहे, तर हे विचारणार, "पकडताना तू होतास?" तो म्हणणार, मी कसा असणार, आडतीवरून घेतला. "मग म्हण, पद्मेचा आहे असं आडत्या म्हणतो." मासेवाला बिचारा म्हणायचा, "आडत्या म्हणतो, पद्मेचा आहे. आता घेता का?" मग घ्यायचे.

मला हे सगळं वेड वाटायचं आणि मी तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही पाहिलेलं, की तुम्हाला वाटलेलं?" मी म्हटलं, "पाहिलेलं. रोज पाहते." त्यावर ते खूश झाले.

ही सवय ते स्वतःलाही लावायचे. त्यांचा धाकटा भाऊ ढाक्याला शिक्षक होता. फाळणीनंतर त्याची पत्रं येत होती, मग यायची थांबली. मास्टरमशाय रविवारी सियालदह स्टेशनवर जायचे. तिकडून येणारी माणसं फलाटावरच संसार मांडून बसलेली असायची. त्यांच्यात फिरून हे विचारायचे. मी एकदा विचारलं, भाऊ कसा आहे. दुसऱ्या कुणी 'बरा असेल' म्हटलं असतं, किंवा डोळे पुसले असते. हे म्हणाले, "शेवटचं ऐकलं ते एका कंपाउंडरकडून, की घर बंद होतं. जिवंत आहे, हे मला वाटलेलं." आणि माकडटोपी घालून बाहेर पडले.

यांच्या तावडीत माझी नणंद सापडली.

कुसुम नागपूरला बी. ए. झाली आणि एम. ए. करायला आमच्याकडे आली. विषय इतिहास. दोन पेपरांऐवजी प्रबंध देता यायचा, तो तिने घेतला. विषय निवडला मराठ्यांची बंगालची स्वारी. तो तिने निवडला म्हणण्यापेक्षा माझ्या सासऱ्यांनी निवडला. मामंजींचा मुलीला एवढं शिकवायला ठाम विरोध होता. पण आपले पूर्वज त्या स्वारीत होते, त्यांची कामगिरी इंग्रजीत लिहिली जाईल, विद्यापीठात राहील, साहेबसुद्धा वाचतील, असं कुसुमने त्यांच्या डोक्यात भरवलं आणि त्यांनी परवानगी दिली. त्यांनी हे सगळ्या आळीला सांगितलं. सोबत एक अटही घातली. प्रबंध नीट झाला तर पुढे शीक. नाही तर वैशाखात लग्न. अमरावतीचं एक स्थळ तयारच होतं, मुलगा ओव्हरसियर. कुसुमला पुढे संशोधन करायचं होतं, कॉलेजात शिकवायचं होतं. ओव्हरसियरबद्दल तिचं वाईट मत नव्हतं. मतच नव्हतं.

तिने पहिली वीस पानं लिहिली आणि मोठ्या ऐटीत वर नेली. मी वाटाण्याच्या शेंगा सोलत जिन्यात बसले. कुसुम तोवर बंगाली बोलायला लागली होती, म्हणून मलाही कळत होतं. मास्टरमशायांनी पहिलं पान जत्रेतल्या नाटकातला राजा बोलतो तसं हात फिरवून वाचलं. मग म्हणाले, "छान. आता सांग, तुझं भांडण कुणाशी?"

"कुणाशीच नाही, मास्टरमशाय."

"मग प्रबंध कशाला लिहितेस? घरी पत्र लिही. सर्व कुशल आहे. ज्याचं कुणाशी भांडण नाही त्याने लोकांची दुपार खराब करू नये."

"भांडायलाच हवं का?"

"कुणी काहीतरी म्हटलेलं असतं. ते तुला पटत नसतं. त्याने नेमकं काय म्हटलं ते आधी त्याला मान्य होईल असं मांड. मग तुला का पटत नाही ते सांग. मग पुरावा दे. मग गप्प बस. याला प्रबंध म्हणतात. गप्प बसणं सगळ्यात अवघड."

कुसुम खाली आली आणि उशीत तोंड खुपसून रडली. मी तिला म्हटलं, "वन्सं, भांडण आपल्याला जमत नाही असं थोडंच आहे? तुम्ही फक्त ते इंग्रजीत करा." ती माझ्यावरही चिडली. पण दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसली.

ते वर्षभर असंच चाललं. कागद वर जायचे, तुकडे होऊन खाली यायचे. खोलीभर कापलेले परिच्छेद, त्यावर वाटी, पोळपाट, जे हाताला लागेल ते ठेवलेलं, पंख्याने उडू नयेत म्हणून. कुसुमचं बोलणंसुद्धा बदललं. यजमान म्हणाले, "आज ट्राम बंद आहेत," की ही विचारायची, "दादा, तू पाहिलंस?" ते मवाळ गृहस्थ. म्हणायचे, "बाई, मी चालत आलोय. पाय बघ."

मग ते प्रकरण आलं. आमच्या घराण्याचं.

दसऱ्याची गोष्ट अशी होती. आमचे एक पूर्वज नागपूरच्या फौजेतून बंगालमध्ये गेले. एका गावात लूट चालू असताना त्यांनी गावातल्या बायकांना पालख्यांत बसवून सुखरूप पोचवलं. गावाने त्यांचे पाय धुतले. कुसुमने हे असंच लिहिलं, चांगलं फुलवून, आणि त्यावरून असं काढलं की मराठ्यांच्या जुलमाच्या गोष्टी वाढवून सांगितलेल्या आहेत. बंगाली म्हातारा आता हिला जिन्यावरून ढकलून देतो, असं मला वाटलं. कारण त्यांच्याही घरात एक गोष्ट होती. त्यांची कुणी खापरपणजी बर्गी आले म्हणून गावच्या तळ्यात उडी टाकून मेली. बर्गी म्हणजे तेच, आमचे घोडेस्वार.

ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "फार सुरेख लिहिलंय. गावाचं नाव काय?"

"ठाऊक नाही."

"पूर्वजांचं?"

"बाबा तीन वेगवेगळी नावं सांगतात."

"म्हणजे?"

कुसुम म्हणाली, "ऐकलेलं."

"मग ऐकलेल्यात ठेव. काढू नकोस. असं लिही, की एका मराठी घरात अशी गोष्ट सांगतात. आणि त्याच्या शेजारी माझ्या घरची ठेव. एका बंगाली घरात अशी गोष्ट सांगतात. दोन्हींवरून काही सिद्ध करू नकोस. लोक स्वतःच्या घराविषयी काय सांगतात, एवढंच दाखव."

तिने तसं लिहिलं. कुणाचं नाव नाही, गाव नाही. आणि माझ्या यजमानांनी भोळेपणाने ते नागपूरला कळवून टाकलं.

मी वर गेले. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "तुमची एक ओळ बदलून द्या. त्या गोष्टीसाठीच तिला शिकायला मिळालं. आता गोष्ट नाही तर शिक्षण नाही. एवढ्याशा ओळीने तुमचं काय जातं?"

"माझं काहीच जात नाही. प्रबंध तिचा आहे. जुनं प्रकरण परत घालायचं असेल तर घालू दे, मी कोण अडवणारा?"

"तुम्ही म्हणालात तर घालेल."

"बौमा," ते म्हणाले, "मी तसं म्हटलं तर वर्षभर मी तिला काय शिकवलं?"

"तुम्हाला बोलायला काय? वैशाखात तुमचं लग्न नाही."

मास्टरमशाय माकडटोपी काढून हातात घेऊन बसले. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. टकलावर एक जुनी खोक होती.

मी कुसुमला विचारलं, तुमचं काय ठरलं. ती म्हणाली, "वहिनी, मी तासभर जुनं पान समोर घेऊन बसले. ते वाचताना आता मलाच विचारावंसं वाटतं, कोण म्हणतं?" तिने पान बदललं नाही.

आठवड्याच्या आत मामंजी मेलने आले. पागोटं, उपरणं आणि रिकामी ट्रंक. रिकामी का, तर पोरीचं सामान भरून न्यायला. हातपाय धुतल्याबरोबर म्हणाले, "कुठे आहे तो मास्तर?"

मास्टरमशायांना मराठी येत नव्हतं. मामंजींना बंगाली नाही, इंग्रजी नाही. यजमान कचेरीत. कुसुमला मामंजींनी कोपऱ्यात बसवलं आणि तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. राहिले मी.

मामंजी म्हणाले, "विचार त्यांना, आमच्या घराण्याची गोष्ट खोटी म्हणणारे ते कोण?"

मी ते जरा मऊ करून विचारलं.

मास्टरमशाय म्हणाले, "ते एवढंच म्हणाले? त्यांचा चेहरा तर याहून जास्त बोलला. जसं म्हणाले तसं सांगा."

मग मी जसंच्या तसं सांगितलं.

"खोटी मी कुठे म्हणतो? मला ठाऊक नाही, असं म्हणतो. त्यांना विचारा, ते गाव त्यांनी पाहिलंय का?"

मामंजी गरजले, "दोनशे वर्षांपूर्वीचं गाव मी कसं पाहणार? ह्याला वेड लागलंय का?"

"वेड लागलंय का म्हणतात," मी सांगितलं.

"त्याविषयी तुमचं मत मला ठाऊक आहे," मास्टरमशाय म्हणाले. "त्यांना सांगा, माझ्या घरच्या गोष्टीलाही मी तेच लावलंय."

मग मला ती खापरपणजीची गोष्ट मामंजींना सांगावी लागली. मामंजी म्हणाले, "कुणाच्या भीतीने म्हणालीस?"

"आपल्या."

मामंजींनी उपरणं सारखं केलं. त्यांना त्या माणसाकडे बघवेना. मग बघून म्हणाले, "आपल्याच लोकांच्या? विचार."

मास्टरमशाय म्हणाले, "घोड्यावरचे लोक, एवढंच माझी आजी सांगायची. कुठले ते तिला ठाऊक नव्हतं. नबाबाचेही असतील."

"आणि तळं? ते तरी आहे का?"

मास्टरमशायांनी माकडटोपी पुढे ओढली, मागे सारली. मला ते बघून फार मजा वाटली. म्हणाले, "आहे, असं ऐकलंय. घर विकून वडील कलकत्त्याला आले, मी गावी गेलेलोच नाही."

मामंजी म्हणाले, "मग चला. बघूनच येऊ."

मास्टरमशायांना मी हे सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले. साठ वर्षांत त्यांना हे सुचलं नव्हतं.

आम्ही तिघंच गेलो. कुसुमला प्रबंधाची पानं टाइप करायला द्यायची होती, ती राहिली. ट्रंक अजून रिकामीच होती आणि मामंजींनी सांगून ठेवलं होतं, परत आल्यावर काय ते ठरवू. हावड्याहून बर्दवानपर्यंत गाडी आणि पुढे बैलगाडी. मामंजींनी पागोटं नीट बांधून घेतलं होतं. मला म्हणाले, "लोक काही बोलले तर मला सांग. लपवू नकोस." गावात आपल्याला शिव्या बसणार, असं ते धरूनच चालले होते. मला तर वाटतं, त्यांना थोड्या हव्याही होत्या.

तळं होतं. मोठं, चौकोनी, एका बाजूला पायऱ्या, पाण्यावर बदकं. एक बाई राखेने भांडी घासत होती. मास्टरमशाय पायरीवर बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. मग तिला विचारलं, हे तळं कधीचं.

"सासरे म्हणतात, त्यांच्या आजोबांच्या वेळी खणलं."

"त्यांना कसं ठाऊक?"

"म्हणतात."

"इथे कधी कुणी बाई उडी टाकून मेली होती का? फार जुन्या काळी?"

"गेल्या साली एक वासरू पडलं होतं. काढलं त्याला."

ती मामंजींच्या पागोट्याकडे टक लावून बघत होती. मला म्हणाली, "दीदी, हे कोण?"

"माझे सासरे. मराठी आहेत."

"मराठी म्हणजे? कुठलं गाव ते?"

मामंजी लगेच म्हणाले, "काय म्हणतेय ती? खरं सांग."

मी खरं सांगितलं. "विचारतेय, मराठी म्हणजे कुठलं गाव."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती पुन्हा भांडी घासायला लागली होती. आम्ही गावात आणखी दोघातिघांना विचारलं. बर्गी हा शब्द त्यांना ठाऊक होता, मुलं झोपत नसली की अंगाईत म्हणतात म्हणे. पण इथे? या गावात? छे. एकाने आम्हाला शहाळी दिली आणि निवडणुकीचे लोक का म्हणून विचारलं.

परतीच्या गाडीत मामंजी खिडकीशी बसले, मास्टरमशाय समोर. मामंजींचं मन पालटलं वगैरे मी म्हणणार नाही. ते थकले होते, आणि बैलगाडीने त्यांची पाठ धरली होती.

मग मामंजी म्हणाले, "विचार त्यांना, आता ती गोष्ट कशी सांगणार?"

मी विचारलं.

"तळं आहे, असं सांगेन. मी पाहिलंय. बाकी आजी सांगायची तसं."

मी मराठीत सांगितलं. मामंजी हुं म्हणाले. दोन स्टेशनं गेली.

"त्यांच्याकडे निदान तळं तरी आहे," मामंजी म्हणाले. "आपल्याकडे काय आहे? पोरीला म्हणावं, लिही तुला लिहायचं तसं. ट्रंक मी रिकामीच घेऊन जातो."

"आणि अमरावतीकरांचं?" मी लगेच विचारलं. असल्या गोष्टी तिथल्या तिथे बोलून घेतलेल्या बऱ्या. घरी पोचेपर्यंत माणूस पुन्हा आपल्या जागी जातो.

मामंजींनी डोळे मिटून घेतले. "त्यांना कळवतो, पोरगी कामात आहे."

समोर मास्टरमशाय पुढे वाकून बसले होते. "काय म्हणाले? बौमा, काय म्हणाले? जसं म्हणाले तसं सांगा."

मी सांगितलं, "पोरगी कामात आहे म्हणाले."